वेताची खुर्ची आता डगमगत नाही

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे. त्यात कंबर धरल्याचाही भाग आहे, पण ते पुढे काथ्याच्या गादीपाशी आलो की सांगतो.) तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, भाऊजींची दाढ एकदाची निघाली असेल, आणि पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र न फाडता उघडलं असशील, असं धरून चालतो. फोन करता आला असता. दोनदा केलाही. पण तू उचललास की माझ्या तोंडून 'उकडतंय का गं तिकडे?' याच्या पुढे काही निघेना. तू 'हो, उकडतंय' म्हणालीस. त्या दोन शब्दांत काय काय भरलेलं होतं ते न कळायला मी दूधखुळा नाही. म्हणून आता लिहूनच टाकतो. लिहिताना निदान तोंड दाखवावं लागत नाही.

दोन महिन्यांपूर्वी बाबांना आमच्याकडे आणायला आलो होतो, तेव्हा तुझ्यासाठी एक चार पानी पत्र ठेवलं होतं. ठेवलं म्हणजे तुझ्या हातात द्यायची छाती झाली नाही, म्हणून ते बाबांकडे दिलं आणि सामान घेऊन मी खाली गाडीत जाऊन बसलो. बाबांनी चौतीस वर्षं पोस्टमनकी केली, त्यांच्या हातात पडलेलं पत्र पोचलं नाही असं कधी झालेलं नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता मी निर्धास्त होतो. तू गॅलरीतून हात हलवलास तेव्हा तू पहिलं पानही वाचलेलं नसणार. मीही गाडीतून हात हलवला, आणि तोही मोठ्या माणसासारखा, सावकाश. तो हात आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

ते पत्र मी शुद्धीत लिहिलं नव्हतं. आमच्या ऑफिसात 'शांत घर, निरोगी घर' या विषयावर एका सल्लागारबाईंचं भाषण झालं. बाई अनवाणी आल्या होत्या आणि इतकं सावकाश बोलत होत्या, की एका वाक्याच्या सुरुवातीला जागा असलेला आमचा हेडक्लार्क त्याच वाक्याच्या शेवटी घोरत होता. मला मात्र ते सगळं आतपर्यंत भिडलं. प्लास्टिक, सनमायका, नायलॉन, चकचकीत ऑइलपेंट यांनी घराचा श्वास कोंडतो आणि मग माणसाचा कोंडतो, असं त्या म्हणाल्या. मला लगेच तुझं घर दिसलं, आणि त्यात सकाळी खोकणारे बाबा दिसले. (सकाळी सगळेच म्हातारे खोकतात हे तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.) मग मी आमचं घर बदलायला काढलं. तुझ्या भावजयीचं एवढंच म्हणणं होतं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो आधी दुरुस्त करा. मी तिला म्हणालो, तू फार लहान विचार करतेस.

बाबांची खोली मी स्वतः उभं राहून करून घेतली. भिंतींचा रंग खरवडून माती, वाळू आणि गव्हाचा भुसा कालवून गिलावा केला. जमिनीवर तागाचा गालिचा, खिडकीला बांबूचा पडदा, पलंगावर काथ्याची गादी, लाकडाला जवसाचं तेल, आणि कोपऱ्यात वेताची खुर्ची. गिलावा करणारा मिस्त्री जुना माणूस होता. दोन दिवस त्याने माझं व्याख्यान ऐकलं आणि शेवटी विचारलं, "साहेब, आमच्या बापाने हीच भिंत पाडून सिमेंटची बांधली, तेव्हा आख्खं घर आनंदाने नाचलं होतं. तुम्हाला नक्की हीच पाहिजे ना?" मी सल्लागारबाईंसारखं सावकाश हसलो. त्याला वाटलं माझं काहीतरी दुखतंय.

आता झालं काय, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे सगळी खोली एकाच रंगाची झाली. भिंत मातीची, गालिचा मातकट, पडदा मातकट, आणि बाबांचा तो खाकी स्वेटर तुला माहीतच आहे. चष्मा फळीवर ठेवला की सापडत नाही. बाबा खुर्चीत बसले की बाबाच सापडत नाहीत. खोलीत कोणी नाही असं समजून मी दोनदा दिवा मालवून आलो. दोन्ही वेळा अंधारातून "असू दे, असू दे" असा आवाज आला. तागाचा गालिचा जरा पाणी सांडलं की ओल्या गोणपाटासारखा वास मारतो, काथ्याची गादी तर फारच प्रामाणिक निघाली, तिच्यात नारळ किती होते ते पाठीला मोजता येतं. (बाबांना त्रास होतो का ते बघायला मी स्वतः एक दुपार तिच्यावर झोपलो. कंबर धरली ती तेव्हा.) आणि शांतता इतकी पसरली, की घरात दिवसभर एकच आवाज ऐकू येतो, गळक्या नळाचा. एकट्या वेताच्या खुर्चीने तेवढी माझी लाज राखली. आली तेव्हा एका पायात आखूड होती, बसलं की डगमगायची. आठवड्याभरात आपोआप स्थिर झाली. खरं लाकूड आणि खरा वेत स्वतःची जागा स्वतः शोधतो, हे मी तुझ्या भावजयीला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा ती उठून नळाखालची बादली बदलायला गेली.

तिसऱ्या आठवड्यात भिंत उगवली. अगदी खरं सांगतो. भुशात गव्हाचे दाणे राहिले होते, त्यांना कोंब फुटले. पलंगाच्या डोक्याशी हिरव्या रंगाची एक बारीक दाढी आली आणि ती वाढतच गेली. एवढी ओल कुठून येते ते मला कळेना. मी पंखा लावला, खिडकी उघडी ठेवली, तरी भिंत आपली ताजीतवानी. त्या मातकट खोलीत तेवढाच एक रंग होता. बाबा तिच्याकडे तासन्‌तास बघत बसायचे, आणि मला वाटायचं की त्यांना शांत वाटतंय. मग हिरव्याच्या खाली काळं आलं. बाबांचा खोकला सकाळपुरता होता तो दिवसभराचा झाला, म्हणून डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी आधी बाबांची छाती तपासली, मग भिंतीला हात लावला, तो हात नाकाशी नेला आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, नैसर्गिक आहे. "बुरशी नैसर्गिकच असते," डॉक्टर म्हणाले. "त्यांना या खोलीतून आजच्या आज हलवा." बाबा आता पुढच्या खोलीत असतात. वेताची खुर्ची तेवढी ते स्वतः उचलून घेऊन आले. मला हातही लावू दिला नाही. खोकला उतरणीला लागला आहे, काळजी करू नकोस. पण तुझ्या घरात जो सकाळी दहा मिनिटं होता, तो माझ्या निरोगी घरात मी चोवीस तासांचा करून दाखवला, एवढं तुला कळायला हवं.

आणि हेही काहीच नाही, असं ज्यामुळे वाटलं ते आता लिहितो. बाबा रोज चार वाजता फिरायला जातो म्हणून बाहेर पडायचे आणि सहाला यायचे. परवा मी ऑफिसातून लवकर आलो. तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंचं दार उघडं होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू, नायलॉनचे गुलाबी पडदे, टीपॉयवर प्लास्टिकची फुलं, आणि लाल प्लास्टिकच्या खुर्चीत मागे रेलून बाबा हसत होते. तोंडभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं आणि पाहिलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते घाईघाईने उठले, चहाचा कप मागे सरकवला, खुर्चीपासून दोन पावलं लांब झाले आणि म्हणाले, "पाचच मिनिटं बसलो होतो रे."

ताई, बापाने मुलाला असं म्हणावं? खुर्चीत बसल्याबद्दल? मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी 'बसा की' एवढंसुद्धा म्हणालो नाही. जिना चढून वर आलो, आणि तुला लिहिलेलं ते पत्र मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आठवलं.

तेव्हा आता एकेक गोष्ट परत घेतो. पहिल्या पानावर तुझ्या खुर्च्यांना 'स्वस्त विष' म्हटलं होतं, ते मागे घेतो. दुसऱ्या पानावर तुझे पडदे, तुझ्या भिंतींचा पोपटी रंग आणि भाऊजींनी हौसेने स्वतःच्या हाताने बसवलेलं सनमायकाचं कपाट, यांबद्दल जे लिहिलं तेही. ('या कपाटापुढे माणूस आजारी पडला नाही तरच नवल' हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.) तिसऱ्या पानावर तुझ्या स्वयंपाकघरातल्या आवाजाबद्दल, कुकर, रेडिओ आणि तुझं बोलणं असं एका रांगेत लिहिलं होतं, त्याची तर मला भयंकर शरम वाटते. आणि चौथ्या पानाच्या शेवटी 'सहा वर्षं तू बाबांना सांभाळलं नाहीस, कोंडलंस' असं होतं. हे वाक्य मी कसं लिहिलं, कुठल्या हाताने लिहिलं, मला सांगता येत नाही. आई गेल्यावर मी आठ दिवसांत ऑफिसचं कारण काढून निघून आलो आणि तू बाबांची पिशवी उचलून त्यांना घरी नेलंस. त्या पिशवीबद्दल मी सहा वर्षांत एक शब्द बोललो नाही आणि बोललो तेव्हा हे बोललो. दोन महिने तू उलट एक अक्षर लिहिलं नाहीस. गेल्या महिन्यात मात्र कुरिअरने बाथरूममधलं निळं प्लास्टिकचं स्टूल पाठवलंस, चिठ्ठी न घालता. टोमणा पोचला, ताई. वर्मी लागला. मी त्याच लायकीचा आहे.

भाऊजींना नमस्कार सांग, त्यांना चालत असेल तर.

तुझा,
धाकटा

ता. क. ते चार पानी पत्र अजून असेल तर कृपा करून जाळून टाक. भाऊजींना दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. दाखवलं असशील तर मी आल्यावर निदान त्या कपाटासमोर तरी मला बसवू नकोस.

ता. क. २. 'मी आल्यावर' लिहून गेलो खरा, तेव्हा आता मुद्द्याचं. बाबा तोंडाने म्हणत नाहीत, पण त्यांना तुझ्याकडे यायचं आहे. रविवारी त्यांना घेऊन येतो. माझ्या हट्टापायी तुझ्या दारातून नेलं, माझ्याच पायांनी परत आणून सोडतो. भिंत खरवडायची आहे आणि सगळ्या घरात धूळ होणार, म्हणून आम्ही दोघंही आठ दिवस राहिलो तर चालेल का? तुझ्या भावजयीने होकार येण्याआधीच बॅग भरली आहे. तुझ्याकडचा नळ गळत नाही, एवढं एकच कारण तिने सांगितलं.

ता. क. ३. पाकीट घरी केलेल्या डिंकाने चिकटवलं आहे. (हाही सल्लागारबाईंचाच.) तिकीट लावून पेटीत टाकायला बाबांकडे देतो आहे. त्यांच्या हातात दिलं की मला काळजी नसते.

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

खालच्या मोकळ्या जागेत मी लिहितो आहे. याचा डिंक चिकटत नाही. पेटीपर्यंत जाईतो पाकीट दोनदा उघडलं. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पत्र वाचलं नव्हतं, हे बाकावर बसून वाचलं. नवीन पाकीट आणून त्यात घालतो आहे.

तू गोंधळली असशील. ते चार पानी पत्र मी तुला दिलंच नाही. मी निघताना तू माझ्या पिशवीत गरम टोपी कोंबत होतीस, तेव्हा हात पुढे होईना. एवढी वर्षं पत्रं वाटली, पाकीट हातात आलं की आत काय आहे ते वजनावरून कळतं. चुकवलेलं हे एकच. स्टूल मीच तुझ्याकडून मागवलं होतं, इथलं बांबूचं टोचतं, ते त्याला सांगितलं नाही. भिंतीला पाणीही मीच घालत होतो. उगवलेलं डोळ्यांसमोर वाळू देववेना. तेव्हा खोकल्याचा निम्मा दोष माझा आहे.

रविवारी तो हात जोडेल, तेव्हा पत्र मिळालं होतं असंच दाखव. मला सगळं सांगून त्याला थांबवता आलं असतं. पण त्या पिशवीबद्दल तो सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला आहे. ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं.

ते पत्र वेताच्या खुर्चीच्या आखूड पायाखाली आहे, चार घड्या करून. टपाल तुझ्या नावाचं आहे, मागितलंस तर रविवारी आणून हातात देईन. नको असेल तर तिथेच राहू दे. काढलं की खुर्ची डगमगते.