पुढच्या फळीवरची गोण

रविवार, ११ जानेवारी २००४

मी, मधुकर लक्ष्मण भोईर, वाणिज्य पदवीधर, व्यवसायाने लेखापाल. पत्नी सुमनच्या निधनानंतर आज प्रथमच आमची शिडाची होडी भातसा जलाशयात उतरवली. जे घडले ते जसेच्या तसे नोंदवावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

होडी आम्ही दोघांनी अंगणात बांधली. प्लायवूड मी कापले, शीड सुमनने शिवले. मी मागे सुकाणूपाशी आणि ती पुढच्या फळीवर, हे वजन धरूनच आराखडा काढला होता. दर हिवाळ्यात पलीकडच्या काठावर तंबू ठोकून राहत असू. आज एकटा बसलो, तर होडीने नाक वर केले. वळेचना.

काठावरून सुमनचा धाकटा भाऊ यशवंत ओरडला, "भावोजी, तायच्या जागंवर वाळूची गोण टाका! गोण काय तिच्यासारखी तुमच्यावर वरडणार नाय." बोलून गेला खरा. मग त्यानेच गोण भरून आणली, फळीवर अगदी हळू ठेवली.

सल्ला अचूक होता. होडी सरळ झाली, सुकाणू हलवताच वळू लागली. इतकी सुरेख ती कधीच... नाही. सुमन असताना अशीच चालायची. अगदी अशीच. तेच सोसवेना. त्या फळीवर कोण आहे, याचे होडीला काहीच नव्हते का?

अर्ध्यातूनच परतलो. होडीतला तंबू गुंडाळलेलाच राहिला.

"काय झालं, भावोजी? परत नाक वर केलं का हिनं?"

"नाही रे," मी म्हणालो. "सरळ चालली."

म. ल. भोईर
शहापूर, ११ जानेवारी २००४