हळद न धरणारं कापड

मंगळवार, संध्याकाळ. बमरोली.

तो पिवळा थेंब डोळ्यांसमोरून हलतच नाही.

आज मिलमध्ये पाणी न धरणाऱ्या कापडाचा पहिला तागा उतरला. नव्या मालाला हळदीचं बोट लावायचं काम माझं. लावलं, तर हळदीच्या पाण्याचा टपोरा थेंब झाला आणि अळूच्या पानावरून घरंगळावा तसा खाली गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी हबकलेच. हळदच घेत नाही म्हणजे अपशकुन की काय?

मिलचे गुजराती मास्तर हसले. "बेन, ए ज तो खूबी छे!" म्हणे, धाग्याधाग्यावर डोळ्यांना न दिसणारा लेप आहे. हात फिरवला तर साधं कापड! बाई गं, कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

तरी मनातली रुखरुख जाईना, म्हणून चिंधी घरी आणून सासूबाईंना दाखवली. त्यांनी तिच्यावर ओली हळद सोडली आणि चिंधी हलवत तो पिवळा थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत खेळवला, लहान पोर खेळते तसा.

"बघा, लागतच नाही," मी म्हटलं.

त्यांनी वरही पाहिलं नाही.

"आख्खा कापडवर फिरनी ना हयद? मंग लागनीच ती."