दोन मंगळवारांच्या मधे

४ जून

ति. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

दवाखाना चालू आहे, मीही चालू आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. फॅमिली डॉक्टर व्हायचं म्हणून मोठ्या इस्पितळातून मला या वस्तीत शिकायला धाडलं. शिकवणार कोण? सर येतात फक्त मंगळवारी, तेही अर्धा चहा टाकून पळतात. बाकीचे दिवस मी आणि गळका नळ. काल शिंपीणबाई पुन्हा पोट दुखतं म्हणून आली. तपासलं तर काहीच सापडेना. इस्पितळात असते तर शेजारच्या टेबलावर विचारलं असतं. इथे कुणाला विचारू, वजनकाट्याला?

इस्पितळात एक जागा निघाली आहे. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय. नाहीतर तू मला तुझ्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून घे. घेशील का गं?

आईजवळ यातलं काही बोलू नकोस, आणि माझी कटकट ऐकून लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, जरा दम धर. शिंपीणबाईचं पोट तपासलंस, घरचं काही विचारलंस का? पुढच्या वेळी पेन खाली ठेव आणि गप्प बस. तुला जड जाईल, तरी बस.

माझ्याकडे यायचं मात्र डोक्यातून काढून टाक. नात्यात शिकवायचं म्हणजे रोजचं भांडण, आणि तुझ्यामागे धावायला माझ्यात त्राण नाही. वय झालं, दुसरं काय! दोन घरी पेशंट बघून आलं की चपलेचे पट्टे पायात रुततात. आडवं पडलं की खोकला उसळतो, म्हणून हल्ली आरामखुर्चीतच झोपते. खोकल्याचं औषध माझं मीच सुरू केलंय. घरात फुकटची डॉक्टर असताना बाहेर कशाला जा?

इस्पितळात जायचं तर खुशाल जा, पण घाबरून पळू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझे कान धरायचा हक्क राखून,
मावशी

१४ जून

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, गप्प बसले. शिंपीणबाई ढसाढसा रडली. नवरा घर सोडून गेलाय, आणि ती आठवडाभर धड जेवलेली नाही. मला कसंतरीच झालं. मग तुझं पत्र काढून परत वाचलं, एखाद्या पेशंटचं असावं तसं.

मावशी, सुजलेले पाय, आडवं झाल्यावर खोकला, बसून झोप. हे वय नाही, हे हृदय आहे. परीक्षेत हे मला ओळखता आलं नसतं तर तूच मला नापास केलं असतंस! फोन केला तर पेशंट आहेत म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र आमच्याकडे औषधं पोचवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तू गाडीत बसल्याशिवाय तो हलणार नाही. गुपचूप जाऊन तपासून घे. मला तुझा भयंकर राग आलाय.

इस्पितळाला अजून काहीच कळवलेलं नाही. काही सुचतच नाही.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
भिंगरी

१९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो ड्रायव्हर दारातच ठाण मांडून बसला. पेशंटांसमोर माझी चांगली शोभा केलीस. गेले बाई! तुझंच खरं निघालं, हृदय थकलंय. गोळ्या चालू, जिने बंद, पेशंट बघणं बंद. तपासणारी तुझ्याच वयाची. मी तिला चार गोष्टी शिकवायला गेले, तर तिने मलाच गप्प बसवलं. हसू नकोस.

आता नीट वाच. तुझ्या सरांशी मी बोलले. शिकणाऱ्याला रोज विचारायला कुणीतरी हवं हे त्यांना पटतं, पण माणसंच नाहीत म्हणाले. मी म्हटलं, एक आहे, बसल्या जागी शिकवेल. म्हणजे माझ्या दवाखान्यात पेशंट तू बघायचे आणि मी शेजारी बसायचं. अडलीस तर विचार, नाही अडलीस तर मला तोंड उघडू देऊ नकोस. ते तयार आहेत. इस्पितळातली जागा चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. तुझं तू ठरव. माझ्या आजारपणाकडे बघून ठरवू नकोस.

हे शेवटचं लिहिलं खरं, पण ते साफ खोटं आहे. लोक येतात, दवाखान्याचं कुलूप हलवून बघतात आणि परत जातात. मला आत घरात सगळं ऐकू येतं. फार भीती वाटते गं. ये.

तुझी,
मावशी