कोरडा कारभार

१८ नोव्हेंबर १९७४

थेंब नाही! एकसुद्धा नाही.

प्रोस्टेटची गाठ काढून दोन महिने झाले. लघवी आता झकास होते. डॉक्टर म्हणाले, संसाराला हरकत नाही, म्हणून काल धीर केला. सगळं पहिल्यासारखं झालं. सुखही झालं, खोटं कशाला लिहू? पण शेवटी जे बाहेर यायचं ते आलंच नाही. कोरडं ठणठणीत. ईरम्मा कूस बदलून झोपली. मी आढ्याकडे बघत पडलो. छप्पन्नाव्या वर्षी कारभार आटोपला म्हणायचा.

१९ नोव्हेंबर

बाज परसात नेली. ईरम्माला सांगितलं, आत उकडतं. ती शाल पांघरून बसली होती.

२६ नोव्हेंबर

स्टेशनजवळच्या तंबूतल्या वैद्याकडून काळी गोळी आणली. "एक घ्या आन् घोडा व्हा," म्हणाला. जुलाब लागले. मिलमध्ये दिवसभर बॉयलरपाशी कमी, संडासात जास्त. घोड्याचा पत्ता नाही.

३ डिसेंबर

शेजारच्या पार्वतम्मानं भिंतीवरून विचारलं, "फिटरअण्णा, भांडण झालं व्हय?" म्हटलं, नाही, आत डास फार. असं म्हणताना मीच दंडावर डास मारला. तिनं तो पाहिला.

९ डिसेंबर

शेवटी डॉ. शिवयोगींकडे गेलो. बोलवेना. आधी खोकला सांगितला, त्यांनी छाती तपासली. मग गुडघा सांगितला, तोही तपासला. मग म्हणाले, "महादेवप्पा, वरचं झालं, खालचं झालं. आता मधलं बोला की."

सांगून टाकलं. हसले नाहीत. कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी झडपेसारखा भाग असतो. त्या वेळेला तो मिटतो, म्हणून वीर्य पुढं जातं. गाठ काढताना तो ढिला पडतो. मग वीर्य मागं पिशवीत जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. "पुष्कळांचं होतं असं. अपाय काही नाही. मूल होणं मात्र अवघड." म्हटलं, तीन लेकी आहेत, आता नातवंडंच पुरेत.

म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसत नाही – एवढंच! उभा जन्म हेच दुरुस्त केलं आणि स्वतःच्या वेळी बॉयलरच विझला समजून बसलो.

"मग आधी सांगायचं की, डॉक्टर," म्हटलं.

"ऑपरेशनच्या आधीच तुमच्या माणसांना सांगितलं होतं सगळं."

पुढचा पेशंट आत आला. कोणाला सांगितलं ते विचारायचं राहिलं. पण दुसरं कोण असणार? मेव्हणा मल्लप्पा! दवाखान्यात डबा घेऊन तोच यायचा. त्याच्या कानावर गेलं म्हणजे भवानी पेठेतल्या सगळ्या हॉटेलांत गेलं.

१२ डिसेंबर

मल्लप्पा जेवायला आला. "दाजी, तब्येत काय म्हणती?" – टोमणा. पुढं म्हणतो, "औंदा आमची हीर आटली. लई खोल गेलो, थेंब न्हाय." ताट सारून उठलो. तो भाकरी हातात धरून बघतच राहिला.

२० डिसेंबर

कडाका पडलाय. दोन सोलापुरी चादरी घेऊनही दात वाजतात. आत जावंसं फार वाटतं. पण ईरम्माला कुठल्या तोंडानं सांगू? नवऱ्यातलं काही उरलं नाही असं तिला वाटलं तर? हल्ली ती वाढते तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

२ जानेवारी १९७५

ईरम्मा म्हणाली, संक्रांत झाली की अक्कलकोटला लेकीकडं जाते. किती दिवस, विचारलं. "बगू," म्हणाली. ती असं कधी बोलत नाही.

१३ जानेवारी

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मल्लप्पाला गाठला. पाळण्यापाशी दंड धरून विचारलं, "डॉक्टरनं तुला काय काय सांगितलं?"

"मला? मी डबा ठिवून निगायचो, दाजी. माजी हीर खणायची चालू व्हती. डॉक्टरशी समदं अक्काच बोलायची."

हीर खरंच आटली आहे बिचाऱ्याची. त्याला भजी खाऊ घातली.

१४ जानेवारी

ईरम्मा ट्रंक भरत होती. समोर बसलो, बाज परसात का नेली ते सांगितलं, आणि डॉक्टरचं तुला ठाऊक होतं का, विचारलं.

"व्हय, मला ठावं व्हतं. मीच डॉक्टरला म्हनलं, त्यांना सांगू नगा. मूळव्याधीच्या टायमाला टेबलावरनं पळालेला मानूस ह्यो, आत्ताबी पळंल." मग पदर डोळ्याला लावला. "पर त्येवढ्यासाटी परसात जाऊन झोपताय, हे मला कसं कळावं? मला वाटलं, माजाच कटाळा आला."

मी ट्रंकेतली लुगडी काढून परत फळीवर ठेवली. बाजेचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं. भिंतीवरून पार्वतम्मा म्हणाली, "डास गेलं व्हय, अण्णा?"