माईक बंद

३ नोव्हेंबर
गेम उघडला. दहा मिनिटं लॉबीत नुसता उभा. श.चं नाव मित्रांच्या लिस्टमध्ये करडं. ऑफलाइन. सप्टेंबरपासून तसंच. बंद केला. इम्रानचे चार मिस्ड कॉल. तो पंक्चरच्या दुकानात काम करता करता खेळतो, आणि मी घरी रिकामा असून...
आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "रणजितचा गेम सुटला बघा. देवानं ऐकलं माझं." आतून ओरडलो, माझं कौतुक गावभर करू नको म्हणून. उगाच. तिनं गुपचूप ताट वाढलं.

६ नोव्हेंबर
एकदा लिहून टाकतो.
सप्टेंबर, रविवार, दुपार. गेमचा शेवटचा झोन. मी, इम्रान आणि वर्गातली श. मला गोळी लागली, पडलो. मला उठवायला ती आडोसा सोडून धावत आली आणि दोघंही संपलो. माईकवर मी तिला आईवरनं शिवी दिली. एक नाही, तीन-चार. तिचा फोन चार्जिंगला, स्पीकर चालू, घरातले सगळे जेवायला बसलेले. पलीकडनं तिच्या वडिलांचा आवाज, "कोण रं तू? नाव सांग."
मी गेममधून बाहेर पडलो.
तिनं माझं नाव सांगितलं नाही. कुणी अनोळखी होता म्हणाली. त्यांना पटलं नाही. फोन काढून घेतला, साताऱ्याला कॉलेजला येणं बंद. हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आठवड्यानं मीही कॉलेज सोडलं. तिची जागा रिकामी बघवत नव्हती. घरी सांगितलं, अभ्यासात मन लागत नाही. सगळ्यांनी गेमला दोष दिला. मी देऊ दिला.
जिच्यासाठी गेम खेळायचो तिलाच शिव्या. रँकसाठी.

११ नोव्हेंबर
साखर कारखाना सुरू. नानांनी (चुलते) ट्रॅक्टर माझ्या हातात दिला. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन यार्डाच्या गेटवर गेलो, तर खुर्चीत चिठ्ठ्या तपासायला तिचे वडील. फौजेतून रिटायर. ड्रायव्हर लोक हवालदारकाका म्हणतात. तिला एसटी स्टँडवर सोडायला यायचे तेव्हा मी लांबून बघितलंय. त्यांनी मला कधी बघितलं नाही. आवाज तेवढा ऐकलाय.
"गाव कुठलं रं?"
मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली.
"घसा बसला व्हय? जा, सातव्या लाइनीत लाव."
लाइनीत सगळे मोबाइलमध्ये घुसलेले. मी स्टिअरिंगवर हात ठेवून चार तास तसाच.

१५ नोव्हेंबर
इम्रान ऐकेना म्हणून एक मॅच. माईक बंद ठेवला. तो वैतागला, "मुका झालास काय गड्या? कुठनं मारतायत ते तरी सांग की." बोटं आपोआप चालत होती. जिंकलो. पूर्वी जिंकलो की असा ओरडायचो की गोठ्यात म्हैस बिचकायची. आज फोन उशीखाली सरकवला आणि पाणी प्यायला उठलो.
नंतर क्रिकेटचा गेम घेतला. दोन ओव्हरमध्ये काढून टाकला. आई फुगे फोडायचा खेळते, तोही करून बघितला. नाही.

२० नोव्हेंबर
चौथी खेप. हवालदारकाकांनी खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून दिली. "चघळ. फौजेत आमी हेच करायचो." मागचा ड्रायव्हर लाइनीवरनं कुरकुरत होता, त्याला म्हणाले, "ह्या पोराकडनं शीक जरा. कवा बी बघ, तोंडात शिवी न्हाई."
काडी गोड होती. थुंकावीशी वाटली. थुंकता येईना, ते बघत होते.

२६ नोव्हेंबर
श.ची मैत्रीण इम्रानच्या दुकानात स्कूटी घेऊन आलेली. म्हणाली, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत सोमवारपर्यंत. वडील म्हणतात, आधी त्या पोराचं नाव सांग, मग फॉर्म. श. म्हणते, नाव माहीतच नाही. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. वर्ष जाणार तिचं.
इम्रानला म्हणालो, मी जाऊन सांगतो.
"सांगशील, आन मग? म्हंजे वळखीचाच हुता, पोरगी खोटं बोलली, असंच म्हणतील की. ती आनखी अडकंल."
त्याची कॉलर धरली. गिऱ्हाइकासमोर. त्याच्या हातात टायर तसाच. सोडली. घरी येईपर्यंत कळलं होतं की तो बरोबर बोलला म्हणूनच धरली.

२७ नोव्हेंबर
गेम काढून टाकला. तिचं करडं नाव बघायला तेवढा ठेवला होता. खरंच काढायचा का, असं फोननं विचारलं. हो. तीन वर्षं खेळलो, आणि एसटी चुकल्याएवढंसुद्धा वाईट वाटलं नाही. एवढ्याशा वस्तूपायी तिला...
आईला सांगितलं नाही. पेढे वाटेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार. यार्डात, ट्रॅक्टरवर बसून
सकाळपासून ठरत नव्हतं. सांगितलं तर ती खोटी ठरणार. नाही सांगितलं तर फॉर्म जाणार. गेटवर पोचलो तरी ठरलं नव्हतं.
काका म्हणाले, "आला का आवाज?"
इंजिन बंद केलं.
"काका, माझा घसा बसलाच नव्हता."
एवढ्यानंच त्यांनी मान वर केली. आवाज ओळखला असणार. तरी पुढचं बोललो. भराभर, मागंपुढं होत. सप्टेंबरात फोनवर शिव्या देणारा मी, रणजित, तिच्या वर्गातला. तिनं नाव लपवलं ते मला मार बसू नये म्हणून. आमचं तसं काही नाही. म्हणजे माझ्याकडून आहे, तिला मी कधी बोललेलो नाही. हे शेवटचं कशाला बोललो.
पेन चिठ्ठीवर तसाच. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. त्यांनी शिक्का मारला, चिठ्ठी माझ्या हातात दिली. हात उगारतील असं वाटलं होतं. बरं झालं असतं.
"गाडी मोकळी कर आन हितं ये. माझ्या घरी, तिच्या म्होरं, तिच्या आईम्होरं हेच बोलशील?"
मी मान हलवली.
"मान नगं हलवू. तोंडानं बोल."
"बोलतो," म्हणालो.
तिला बघायला मिळणार म्हणून आत कुठंतरी बरं वाटलं. त्याचीही लाज. ती मला बघून काय करेल? आत निघून जाईल? का सगळ्यांदेखत म्हणेल की ह्याला ओळखतच नाही? म्हणाली तर मी काय बोलायचं?
वजनकाट्यापर्यंत चार गाड्या. आता तीन.