वरची नळी थंड आहे

॥ श्री ॥

अमरावती,
ता. २० नोव्हेंबर १९३८

तीर्थस्वरूप जानरावभाऊंस,
धाकट्या सत्यवतीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या पायाचं प्लास्टर अजून किती दिवस राहणार ते तुम्ही कळवत नाही. दसऱ्यानंतर एकच कार्ड आलं, त्यात जॅक निसटला, बसगाडीचं चाक पायावर आलं, काळजी नसावी, एवढंच. काळजी नसावी असं लिहिल्यानं ती थोडीच नाहीशी होते? शेजारच्या पार्वताबाई डबा देतात म्हणता, पण वहिनी गेल्यापासून तुम्हाला दोन घास जास्त खा म्हणणारं कोणी नाही. मी चार दिवस येते म्हटलं तर तेही नको.

इकडे बरं आहे. आंबिया बहार उतरला, संत्री रेल्वेनं रवाना झाली. सूर्यभान भावजी ते सगळं पाहतात, त्यामुळे मला काम असं उरलं नाही. बाग मोकळी झाली की घर फार मोठं वाटतं.

खरं कारण लिहिते. हे गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून मोटार टिनाखाली उभी होती. ह्यांनी मला बागेच्या वाटेवर चालवायला शिकवली होती, तुम्हाला ठाऊकच आहे. गाव हसलं होतं. परवा बॅटरी भरून आणवली आणि मीच ती बाहेर काढली. परतवाड्याच्या सडकेवर तीन मैल गेले असेन, तोच पुढून वाफेचा लोट. मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला, पण जमुना सोबत होती (आमच्या बागेत निंदणाला असते), तिनं हात मागे ओढला. म्हणाली की बाई, हे काही भाजीच्या गंजाचं झाकण नोहे. निवल्यावर पाणी घातलं, पुन्हा दोन मैलांत तेच. शेवटी बैल जुंपून घरी आणली. इथला मिस्त्री म्हणतो की अख्खं इंजिन उतरवावं लागेल. मला पटत नाही. तुम्ही स्वतः मिस्त्री, तुम्ही सांगाल तसं करीन.

प्रकृतीला जपावं. लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

तुमची,
सत्यवती


अकोला,
ता. २७ नोव्हेंबर १९३८

चि. सत्यवतीस जानरावचे अनेक आशीर्वाद.

बाई, तुयं पत्र भेटलं. इंजिन उतरवू देऊ नको. ज्यानं गाडी तपासल्याबगर इंजिन उतरवतो म्हनलं, त्याले आंगनात पाय ठेवू देऊ नको.

आधी सोपं पाह्य. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाब, अर्ध्या इंचाच्या वर दबला त ढिला हाय समज. रेडिएटरखाली पानी गळून राह्यलं काय, तेही पाह्य. हे दोन्ही ठीक असन त इंजिन चालू कर अन उभ्या जागी तापू दे. इंजिनाच्या डोक्यावरून एक जाड रबरी नळी रेडिएटरच्या वरच्या अंगाले जाते. गाडी तापली की त्या नळीले हात लाव. पंख्यापासून पदर सांभाळ, कमरेले खोचून घे. इंजिन उकळाच्या बेतात आलं अन वरची नळी थंडच, त थर्मोस्टॅट बिघडला, दुसरं काही नाही.

थर्मोस्टॅट म्हंजे पितळेची एक डबी. त्या नळीच्या मुळाशी, आतमंधी बसवते. पानी थंड असलं की तिची झडप बंद राह्यते, म्हंजे इंजिन लवकर गरम व्हावं. गरम झालं की झडप उघडते अन पानी रेडिएटरात निवाले जाते. झडप बंदच अडकली त पानी जाईन कुठी?

माह्या पायाचं काय सांगू. प्लास्टर हाय, टाइम लागन. येऊ नको. खोली एवढीशी, तू निजशीन कुठी? दिवसभर पडल्या पडल्या मागच्या मोटार अड्ड्यावरच्या गाड्या आयकत राह्यतो. कोनती गाडी कोनाची, आवाजानं समजते.

नळीचं काय झालं ते मात्र लौकर लिहिजो. वाट पाहून राह्यलो.

जानराव


अमरावती,
ता. ४ डिसेंबर १९३८

ती. जानरावभाऊंस सत्यवतीचा सा. न. वि. वि.

वरची नळी थंड आहे. अगदी सकाळच्या रांजणासारखी थंड, आणि खाली इंजिन खदखदत होतं. पट्टा ताठ आहे, गळती नाही. हे चार शब्द तारेनं कळवावे असं मनात आलं होतं, पण पोस्टमास्तर काय समजले असते?

सूर्यभान भावजी आले होते. मी नळीला हात लावून उभी, तोंडाला काळं. ते म्हणाले की वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही, लोक नावं ठेवतील, झाकून ठेवा. रागानं नाही म्हणाले. ते भले आहेत. मी चहा केला, ते गेले, मग मी गाडीतच बसून राहिले. सवयीनं चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर बसले होते, ते उठताना लक्षात आलं.

सासरकडची सगळी पत्रं आता ‘गं. भा.’ अशी सुरू होतात. तुम्ही मात्र अजून ‘चि.’ लिहिता. ते वाचून बरं वाटतं, एवढं सांगायचं होतं.

आता पुढे काय करू? डबी मिळेल कुठे, आणि ती मला बसवता येईल का? आशीर्वाद असावा.

सत्यवती


अकोला,
ता. ११ डिसेंबर १९३८

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

शाब्बास. येईन बसवता. तुया गाडीच्याच जातीची एक मोडीत गेलेली गाडी मी मांगच्या साली खोलली होती, तिची डबी माह्याजोळ हाय. ओमप्रकाश म्हनून एक ड्रायव्हर हाय, भला मानूस, त्याची अमरावतीले फेरी असते. त्याच्या हातानं पाठवून राह्यलो.

नीट वाच. गाडी रातभर थंड होऊ दे, गरम गाडीले हात लावू नको. रेडिएटरच्या बुडाशी तोटी हाय, खाली बादली ठेवून पानी सोड. मंग वरच्या नळीवर आवळलेली पत्र्याची पट्टी ढिली करून नळी काढ. तिच्या मुळाशी लोखंडाचं कोपर दिसन, दोन बोल्टांनी बसवलेलं. बोल्ट जाम असन त जोर करू नको, तुटला त लय फजिती. घासलेट टाकून दिवसभर राहू दे. कोपर निंगालं की आत डबी दिसन. ती कोनत्या तोंडानं बसली हाय ते काढाच्या आधी कागदावर काढून ठेव. स्प्रिंगचं अंग इंजिनाकडे पाहिजे. उलटी बसवली त डबी चांगली असूनही गाडी उकळन.

बसवाच्या आधी चुलीवर पाह्य. गंजात पानी ठेव, दोन्ही डब्या दोऱ्यानं टांगून पान्यात सोड, बुडाले टेकू देऊ नको. चांगली डबी पानी उकळाच्या आधीच तोंड उघडते. बिघडलेली काही केल्या उघडत नाही.

कोपराखालचं जुनं पॅकिंग खरडून काढ, जाड पुठ्ठ्याचं नवं काप, ग्रीस लावून बसव. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळ. उन्हाळ्यात त लोक डबी काढूनच फेकते, चालते तसं. पन आता थंडी हाय, इंजिन गरम व्हाले पाहिजे, अन काम करावं त पुरं करावं.

लिहिता लिहिता दुपार सरली. लय दिवसांनी दुपार लौकर सरली.

जानराव


अमरावती,
ता. २२ डिसेंबर १९३८

ती. जानरावभाऊंस सत्यवतीचा कृ. सा. न. वि. वि.

गाडी चालते. आधी हे लिहिते, बाकीचं मग.

ओमप्रकाश सोमवारी आले. डबी हातात दिली, चहा न घेताच गेले.

मंगळवारी पाणी सोडलं. एक बोल्ट सहज निघाला, दुसरा हलेना. पाना दोनदा निसटून बोटाची साल गेली. घासलेट टाकून बुधवारपर्यंत थांबले. जमुना म्हणे की बाई, देवाले नारळ बोला. मी म्हटलं आधी भाऊंचं ऐकू. बुधवारी सकाळी तो कुरकुर करत फिरला, तेव्हा आम्ही दोघी मोठ्यानं ओरडलो, गोठ्यातली गाय दावं ताणून उभी राहिली.

मग चुलीवर गंज ठेवला. दोन डब्या दोऱ्यानं पळीला टांगल्या. जमुना खाली वाकून पाहत होती, तिला वाटलं मी काही रांधते आहे. पाणी सळसळायला लागलं आणि तुमची डबी हळूहळू उघडली. कोणी हात न लावता. आमची मात्र पाणी खळाखळा उकळलं तरी तशीच. मी तिला तासभर उकळत ठेवली असती, पण जमुनेनं जाळ ओढला.

पॅकिंग मी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कापलं. पहिलं चुकलं, कोपराच्या कडेनं पाणी ठिबकलं. पुन्हा सगळं सोडून दुसरं कापलं, ह्या वेळी बोल्टांची भोकं आधी पाडून घेतली. मग पाणी भरलं, इंजिन लावलं, नळीवर हात ठेवून उभी राहिले. थंड, थंड, आणि मग एकाएकी हात चटकन मागे घ्यावा लागला. काल परतवाड्याच्या सडकेनं आठ मैल जाऊन आले. वाफ नाही.

भाऊ, मी नाताळानंतरच्या गुरुवारी अकोल्याला येते. मोटारनं येते.

सत्यवती


अकोला,
ता. २६ डिसेंबर १९३८

चि. सत्यवतीस आशीर्वाद.

काम चांगलं केलं. येऊ नको. साठ मैल सडक हाय, बाईमानसानं एकटीनं येऊ नये. माह्यं मी पाहतो. पुन्हा सांगतो, येऊ नको.

जानराव


अमरावती,
ता. २ जानेवारी १९३९

ती. जानरावभाऊंस सत्यवतीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीनं कुठेही त्रास दिला नाही.

तुमच्या खोलीत मी दीड तास होते, आणि ज्याबद्दल बोलायचं त्याबद्दल आपण दोघं एक शब्द बोललो नाही. म्हणून लिहिते. मला ठाऊक होतं. ओमप्रकाशांकडून डबी घेताना मी सहज विचारलं होतं की भाऊंचं प्लास्टर कधी निघणार. ते खाली पाहत म्हणाले की बाई, कशाचं प्लास्टर, पाय तर ऑक्टोबरातच गुडघ्याखालून कापला. म्हणून त्यांनी चहा घेतला नाही. आणि म्हणून मी घाईनं गाडी दुरुस्त केली. पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्हाला ते माझ्यापासून लपवायचं होतं, तर लपवू द्यावं असं वाटलं.

तुम्ही गोधडीखाली पावलाच्या जागी उशी ठेवली होती. मी येऊ नये असं ठासून लिहिल्यावरही ठेवली होती, म्हणजे मी येईन हे तुम्हाला माहीत होतं. मी पायथ्याशी बसले तेव्हा हात त्या उशीवरच पडला. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. मी हात उचलला नाही. मग तुम्ही विचारलंत की बोल्ट किती आवळले, आणि मी सांगत बसले.

माझ्यासोबत चला म्हटलं तर तुम्ही म्हणालात की मिस्त्री माणूस बहिणीच्या घरी खाटेवर पडून भाकर खात नाही. येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे सडकेच्या कडेला गाडी थांबवली आणि बॉनेट उघडून उभी राहिले. काही बिघडलं नव्हतं. पण बॉनेट उघडं असलं की बाई वाटेत कशाला थांबली, तिचे डोळे का लाल, असं कोणी विचारत नाही. बराच वेळ उभी होते.

मी तुमची सेवा करावी म्हणून बोलावत नाही. इथे मी जमुनेची बाई आहे, भावजींची वहिनी आहे. मार्चपासून ह्या घरात मला कोणी माझ्या नावानं हाक मारलेली नाही. दिवसभर बोलले तर बैलांशी बोलते. तुम्हाला एकटं राहायचंच असेल तर माझा इलाज नाही. पण मला राहायचं नाही, भाऊ, आणि हे मी तुमच्याखेरीज कोणाला लिहू?

तुमची,
सत्यवती


अकोला,
ता. ९ जानेवारी १९३९

चि. सत्यवतीस जानरावचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस पत्र उशाशी घेऊन निजलो.

त्या दिवशी तू खोलीत याच्या आधी मले गाडीचा आवाज आला. अड्ड्यावरची गाडी नोहे ते समजलं. इंजिन लय सुरेख चालून राह्यलं होतं, फक्त झडपेचा एक टॅपेट जरा वाजत होता. मी मनाशी म्हनलं, हे कोनाची गाडी? मंग गाडी माह्याच दाराशी थांबली. ऑक्टोबरापासून माह्या दाराशी गाडी थांबली नव्हती, बाई. दवाखान्यातून आलो तवा पयले आठ दिवस लोक आले. मंग कोनं काही विचारलं नाही. पाय गेला त मिस्त्र्याची अक्कलही गेली, असं मीच धरून चाललो. मंग तुयं पत्र आलं, मोटार तापते म्हनून. तू विचारत गेली, मी सांगत गेलो. खोटं बोललो ते यासाठी, की पाय नाही हे समजलं त तू विचारनं बंद करशीन.

उशी काढून टाकली. पार्वताबाई म्हने की बरं केलं, ते धुवाची राह्यली होती.

मी येतो. पन आयतं खानार नाही. तुया बागेतलं पानी ओढाचं ऑइल इंजिन दर साली बंद पडते असं दाजी सांगत, ते मी बसल्या जागी पाह्यतो. बाकी तठी आल्यावर.

तू संक्रांतीच्या दिवशीच मले घ्याले ये. इकून आधी ओमप्रकाश सोडून देतो म्हनत होता, मी त्याले नाही म्हनलं. त्या दिवशी गावच्या बाया वान घेऊन घरोघर हिंडतीन, अन यंदा तुले कोनी बलावनार नाही. तू घरात बसून ते आयकत राहू नको. पायटेच निंघ, दिवसभर सडकेवर राह्य. सांजच्याला आपन दोघं अमरावतीत शिरू, तंवर बायांचं फिरनं झालं असन.

जानराव