भाकरी सोडलेलं वरीस

१४ जुलै, रविवार
काल तिथीनं आई जाऊन सात महिने झाले, माहेरी महिन्याचा नैवेद्य होता. सकाळी सातला बिदरहून निघाले. हुमनाबादला पोट पिळवटलं, उतरले. स्टँडवरच्या संडासात दोनदा. पुढची बस समोर उभी होती – पण माहेर, मादन हिप्परगा, अजून तीन तास! परत फिरले. सातांतले पाच महिने चुकले.
संध्याकाळी भीमाशंकरचा फोन. धाकटा भाऊ, बोलतो थोरल्यासारखा. ‘आक्का, आई गेली म्हणून माहेर बी गेलं व्हय? कामून येईनास तू?’ ड्युटी होती म्हटलं. पोटाचं भावाला काय सांगायचं.

१८ जुलै, गुरुवार
ड्युटीवर, बिदरच्याच कोळार वसाहतीतल्या गोदामात, आज पाच फेऱ्या. बायकांचा संडास पार दुसऱ्या टोकाला. हे हैदराबादला कामाला, शनिवारी येतात. त्यांना ‘गॅस झालाय’ एवढंच माहीत. खरी भीती इथंच लिहिते – आईचंही असंच पोटानं सुरू झालं होतं. आतड्याचा कॅन्सर निघेपर्यंत ती जिऱ्याचं पाणी पीत राहिली. मलाही तेच असणार.
दुपारचं जेवण बंद केलंय.

२२ जुलै, सोमवार
रेणू माझ्यासोबत माल तपासते. आज तिनं संडासाबाहेरच गाठलं. ‘ताई, रोज डबा तसाच वापस न्यायलीस. पोट हाय का बारदाना, घडी घालून ठेवायला?’ हसू आलं. मग सगळं सांगून टाकलं. उद्या डॉक्टरकडं, म्हणाली. सोबत येणार आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार
रिपोर्ट आले. रक्त, शौच, दुर्बिणीची तपासणी – सगळं स्वच्छ. कॅन्सर नाही! डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.
आजाराचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नाही, पण ते लवकर चिडतं – खाण्यानं, उपाशी राहिल्यानं, काळजीनं. माणूस यानं मरत नाही, पण हे पुरतं जातही नाही. सांभाळायचं. वेळेवर थोडं थोडं जेवायचं. चहा कमी. रोज चालायचं. काय खाल्लं, काय झालं ते लिहायचं. रक्त पडलं किंवा वजन उतरलं तर मात्र लगेच दाखवायचं.
बाहेर आल्यावर रेणूला लिंबू सरबत पाजलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
तीन आठवड्यांचं लिहिलेलं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवलं – चपाती, पाव, चपाती, पाव. ‘बिदरच्या बाई तुम्ही, ज्वारी कुठाय?’
सांगावं लागलं. आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी लेकीनं वरीसभर एक जिन्नस सोडायचा असतो. तेराव्याला मी ज्वारीची भाकरी सोडली. आईच्या हातची तीच सगळ्यांत आवडती होती. तेव्हापासून तिन्ही वेळा गहू.
‘सगळ्यांनाच गहू बाधत नाही. तुम्हाला बाधतो का बघू. चार आठवडे बंद.’
गहू बंद, भाकरी सोडलेली. उरला भात. वरीस डिसेंबरात.

३१ ऑगस्ट, शनिवार
चार दिवस नुसता भात. दुपारनंतर गोदामात पोत्यावर बसून घ्यावं लागतं.
आज ज्वारीचं पीठ आणलं. दोन भाकरी थापल्या, खाल्ल्या. नेम मोडला. पहिला घास घेताना दाराकडं बघितलं – जशी काही आईच येऊन विचारणार!

२९ सप्टेंबर, रविवार
महिन्यात फक्त चार वाईट दिवस!! गोदामात रोज एक फेरी, कधी तीही नाही. बाईंनी सांगितलं म्हणून काल मुद्दाम दोन चपात्या खाल्ल्या. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं. ठरलं, गहू बंदच.

२० ऑक्टोबर, रविवार
बसनं हुमनाबादला गेले, परत आले. काम काही नव्हतं. नुसती बसले आणि आले!

१० नोव्हेंबर, रविवार
कलबुर्गीपर्यंत. वाटेत एकदा पोट वळवळलं. श्वास सावकाश सोडत बसून राहिले. कलबुर्गी आलं.

९ डिसेंबर, सोमवार
परवा बिदर ते मादन हिप्परगा. गाडी बदलायलाच तेवढी उतरले!
वरसाच्या दिवशी सोडलेला जिन्नस घरातल्या थोरल्या बाईच्या हातून खायचा असतो. काल बाणूबाई मावशी भाकरी घेऊन समोर बसली. नेम पाळल्यासारखं खोटं तोंड उघडवेना. सगळ्या भावकीपुढं म्हटलं – मावशी, नेम मोडलाय मी. ऑगस्टातच. मग पोट, बस, संडास, चुकलेले महिने, सगळं सांगितलं. एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.
मावशी हसली.
‘तुझी आई तरी कुठली नेमाची! आमची माय गेली तवा हिनं च्या सोडला. तिसऱ्या दिशी गोठ्यात बसून बशीनं फुर्र फुर्र प्यायलेली म्या बघितलीय. खा गुमान!’
सगळी हसली. मी दोन भाकरी खाल्ल्या. पोट गप्प.
भीमाशंकर तेवढा हसला नाही. मी बोलत असतानाच ताटावरून उठून बाहेर गेला. आज स्टँडवर सोडायला आला, तरी गप्पच. असू दे. मी माहेरी जाऊन आले!

१९ डिसेंबर, गुरुवार
काल भीमाशंकरचा फोन. आवाज अगदी खाली. ‘आक्का, माझं बी तसंच हाय. सात वर्सं झाली. त्या दिवशी रागानं उठलो न्हवतो. जावंच लागलं.’ बायकोलाही सांगितलेलं नाही. आधी विचारलं – रक्त पडतं का? वजन उतरलंय का? ‘न्हाई.’ मग सोमवारी ये म्हटलं.
आज ड्युटीच्या आधी एकटीच दवाखान्यात जाऊन त्याचा नंबर लावला. तिथं त्याचं वय विचारलं. एक्केचाळीस, म्हटलं.